सातवं नाव

कारागांडा सुटून वीस मिनिटंही झाली नव्हती
तोच मागच्या सीटवरून: "अजून किती?"
"नऊशे ऐंशी," दाउलेत म्हणाला, आरशात न बघता.
अल्दियारनं बोटं मोजली.
दहाच निघाली.

माझी तयारी कमी नव्हती.
फडक्यात गुंडाळलेले बाउरसाक, थर्मासभर चहा,
एक टॅब्लेट, रात्रभर चार्जरला लावलेला
(बटण बंद होतं, हे नंतर कळलं),
आणि मेंढीच्या घोट्याची अकरा हाडं,
लाल रंग उडालेली, माझ्या भावाची.
लहानपणी मी त्याच्याकडून जिंकली होती,
तो अजून म्हणतो, चोरली.

जानेल तेरा वर्षांची.
कानांत बटणं खुपसून
ती केव्हाच दुसऱ्या गावाला पोचली होती.

बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर डाव मांडला.
पहिल्या खड्ड्यानं उधळला.
दुसऱ्या खड्ड्यानं एक हाड ब्रेकखाली गेलं
आणि आम्ही अफाट गवताच्या मधोमध उभे,
बाप गाडीत उपडा, पाय दाराबाहेर,
तो जे पुटपुटत होता ते पोरांच्या कानी पडू नये
म्हणून मी मोठमोठ्यानं खोकतेय.
खरं सांगू?
अख्ख्या दिवसात अल्दियार तेव्हाच सगळ्यात जास्त हसला.

मग उंट. नियम सोपा, ज्याच्या खिडकीतले त्याचे.
अल्दियारला सतरा.
जानेलच्या बाजूला नुसते विजेचे खांब.
"मी खेळतच नाहीये," ती म्हणाली.
"म्हणजे हरलीस," तो म्हणाला,
आणि पुढचे चाळीस किलोमीटर
मी मान मागे वळवून काढले.

तेव्हा कुर्त बाहेर काढला.
दह्याचे सुकवलेले गोळे, खारट, गोट्यांसारखे टणक.
एक गालात ठेवला की बावीस किलोमीटर शांतता.
अंदाजानं नाही सांगत,
मीटर बघून सांगतेय.

बलखाशला धुरी दिलेले मासे टांगून बायका उभ्या होत्या.
तळं अर्धं गोड, अर्धं खारं, शाळेत शिकवतात.
आपल्या वाटणीला कुठलं?
अल्दियार पळत गेला, ओंजळ तोंडाला लावली,
ओरडला, "साखर! साखर आहे यात!"
जीभ कुर्तानं एवढी खारावलेली
की तिला काहीही गोड लागलं असतं.
त्याला कोणी काही सांगितलं नाही.
बूट मात्र भिजले,
आणि मासे नि मोजे, दोन्हींचा वास अल्मातीपर्यंत सोबतीला.

सारीशागान गेलं. अंधार पडला.
उंट नाहीत, खांब नाहीत,
आपल्याच दिव्यांएवढा रस्ता.
अल्दियारची भुणभुण सुरू झाली,
तिला आता कारणही लागत नव्हतं.
"सात बाप म्हण," दाउलेत म्हणाला.
"न अडखळता म्हटलेस तर पुढे बसायला मिळेल."

दाउलेत. कुआनिश. बेकबोलात.
जुमाबाय. एसिरकेप. तोक्सान.
समोरून एक भला मोठा ट्रक गेला, गाडी हलली.
"कामाझ!" अल्दियार म्हणाला.

मी हसले. एकटीच.
दाउलेत रस्त्याकडे बघत होता,
ओठ हलत होते, पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून.
सहावर येऊन थांबत होते.
वडील असते तर फोन लावला असता.

"सारसेन," मागून आवाज आला.

"तुला कोणी सांगितलं?"
"आजोबांनी. इथेच कुठेतरी.
तू गाडी चालवत होतास.
तुम्हाला वाटलं, मी झोपलेय."

मी मागे पाहिलं. बटणं कानांतच होती.
वायर तिच्या मांडीवर मोकळी लोळत होती,
कशालाही न जोडलेली,
कोण जाणे किती गावांपासून.

कोणी काही बोललं नाही.
मी एक कुर्त मागे सरकवला, तिनं घेतला.
अल्दियार झोपेला आलेला, तरी विचारलंच त्यानं,
"आणि आठवा?"

ते कोणालाच माहीत नव्हतं.
पुढे अजून चारशे किलोमीटर होते.